गजभियेंचं आइसलंड

गजभिये गेल्यावर नागपुरात जरीपटक्याच्या चौकात लागलेल्या फ्लेक्सचा फोटो मला हैदराबादला मोबाइलवर आला. नावाच्या वर 'संगीतमहर्षी', नावाच्या खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मधे खाणीतलं पिवळं हेल्मेट घातलेले गजभिये. कारण एकट्याचा दुसरा फोटो घरात मिळाला नाही. तळाशी श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे अकरा चेहरे होते. त्यांतल्या नऊ जणांनी गजभियेंकडे बसून कधी एक गाणंही ऐकलं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो, कारण उरलेल्या दोघांना मी ओळखतो. 'महर्षी' वाचून गजभियेंनी एवढंच विचारलं असतं, "मोजलं कोणं?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. कोणी म्हणालं आज फार ऊन आहे, तर "मोजलं कोणं?" कोणी म्हणालं अमुक गवई सर्वश्रेष्ठ, तरी तेच. उमरेडच्या कोळसा खाणीत ते सर्व्हेअर होते. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळच्या एसटीनं यायचे आणि मधला दिवस जमिनीच्या पातळ्या मोजण्यात घालवायचे. वडील छप्पनच्या दीक्षेतले, कापड गिरणीतले कामगार. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून खरं मानू नको, तपासून पाहा, एवढं त्यांनी पोराला शिकवलं होतं. गजभियेंनी ते इतकं मनावर घेतलं की बायकोनं भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी चाखल्याशिवाय ते मान हलवत नसत.

त्यांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. टाळीसुद्धा ते इतरांच्या जरा मागून वाजवत. पण त्यांच्याकडे चारशेच्या आसपास विलायती रेकॉर्डी होत्या, बऱ्याचशा रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांनी नागपूर सोडताना काढून टाकलेल्या. मी तेव्हा एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत उपसंपादक होतो. एक दिवस ते हातानं लिहिलेली दोन पानं घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "तुमच्या पुरवणीत गाण्यावर जे छापून येते ना, ते वाचून गाणं कसं हाये ते समजत नाही. लिहिणारा कितीक मोठा हाये तेवढंच समजते." माझ्या साहेबांना ते लागलं आणि मला पटलं. त्यातून त्यांचं 'कान देऊन' हे सदर सुरू झालं. अकरा वर्षं ते चाललं, आणि गजभियेंनी त्यात एकदाही 'स्वर्गीय' हा शब्द वापरला नाही. मला ते तेव्हापासून 'एडिटर' म्हणत. माझ्या नोकरीत मला तेवढं वरचं पद दुसऱ्या कोणी दिलं नाही.

दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या घरी, जरीपटक्याच्या बाजारावरच्या पहिल्या मजल्यावर, आठ-दहा माणसं ऐकायला जमत. नियम कडक होते. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. पंखा आणि कूलर बंद, कारण त्यांचा आवाज गाण्यात मिसळतो. आणि डोळे मिटायचे. "डोळे उघडे ठेवले का माणूस गाणं सोडून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसते," असं त्यांचं म्हणणं. सुई ठेवण्याआधी ते प्लेअरवर खाणीतली स्पिरिट लेव्हल ठेवायचे आणि पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून त्याला सपाट करायचे. बुडबुडा मधोमध आला की मगच गाणं. नागपुरात मे महिन्यात वीस मिनिटं पंखा बंद करून बसणं ही रसिकता नाही, व्यायाम आहे. बाजू संपली की गजभिये "पंखा!" म्हणत, आणि त्या वेळी खोलीतून जो उसासा निघायचा त्याला नवखा माणूस दाद समजायचा.

एकदा शहरातल्या एका मोठ्या संगीत संस्थेचे अध्यक्ष आले. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी सवयीनं "वाऽऽ" केलं. गजभियेंनी सुई उचलली.

"बोला. तुमचं होऊ द्या आधी."

"नाही, नाही, चालू द्या."

गजभियेंनी रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. दीड मिनिटानं अध्यक्षांना पुन्हा राहवलं नाही. पुन्हा सुई वर, पुन्हा पहिल्यापासून. अध्यक्ष परत कधी आले नाहीत, आणि त्यांच्या सभागृहात गजभियेंना पुढं कित्येक वर्षं बोलावणंही आलं नाही. तसं ते त्याआधीही येत नव्हतंच. कोळसा खाणीतला माणूस, जरीपटक्यात राहणारा, आडनाव गजभिये, आणि वर विलायती गाण्यांवर लिहितो; यातलं नेमकं काय खटकतं हे त्या सभागृहात कोणी बोलून दाखवलं नाही. अशा गोष्टी बोलून न दाखवणं हीच तिथली शिस्त होती.

आता आइसलंडच्या रेकॉर्डविषयी. गजभियेंच्या पत्नी शीलावहिनी, त्यांचा भाऊ भूगर्भशास्त्रज्ञ. सरकारी खात्यातून तो सहा महिने आइसलंडला गेला, जमिनीतून निघणाऱ्या गरम पाण्याचा अभ्यास करायला. नागपूरच्या माणसाला उष्णता शिकायला आइसलंडला पाठवणाऱ्या खात्याबद्दल मला अजूनही आदर आहे. येताना त्यानं भाऊजींसाठी एक रेकॉर्ड आणली. तिथल्या चार पोरांचा आणि एका पोरीचा बँड, त्या वेळच्या न्यू वेव्ह पद्धतीचा: चिरके सिंथेसायझर, टणक ड्रम, तुटक तुटक गाणं. बँडचं नाव नागपुरात कोणालाही उच्चारता आलं नाही, म्हणून आम्ही त्यांना 'पाच जण' म्हणायचो. अल्बमच्या नावाचा अर्थ मेहुण्यानं सांगितला: लोकरीचे हातमोजे.

मेहुणा मे महिन्यातल्या एका सकाळी नागपूर स्टेशनावर उतरला. गजभिये घ्यायला गेले, रेकॉर्ड ताब्यात घेतली, मेहुण्याला सायकलरिक्षात बसवून घरी धाडलं आणि त्या दिवशी एसटी सोडून स्कूटरनं परस्पर ड्यूटीवर गेले. रेकॉर्ड दिवसभर खाणीच्या स्कूटर स्टँडवर, पत्र्याच्या शेडखाली, स्कूटरच्या हुकाला लटकलेल्या पिशवीत. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ती लावली. ही हकीकत ते अभिमानानं सांगायचे. "आठ घंटे धीर धरला गा, पण कोणाले हात नाही लावू देला."

तीन आठवडे त्यांनी ती ऐकली आणि मग आयुष्यातला सगळ्यात लांब लेख लिहिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'ही गायिका स्वरावर उभी राहत नाही, दर एक पूर्णांक आठ सेकंदांनी तिचा आवाज खाली बुडतो आणि पुन्हा वर येतो, गोठलेल्या तळ्यावरून चालताना पायाखालचा बर्फ वाजावा आणि पाऊल थबकावं तसा.' एक पूर्णांक आठ हे त्यांनी स्टॉपवॉच लावून काढलं होतं. लेख पाऊण पान झाला. मथळा मी दिला: 'बर्फावरचा कंप'.

लेख गाजला. म्हणजे तीन पत्रं आली; आमच्या पुरवणीत यालाच गाजणं म्हणत. एका प्राध्यापकांनी या कंपाचा संबंध उत्तरेकडच्या लांब अंधाराशी जोडला. अध्यक्षांनीही नंतर आपल्या एका भाषणात हा कंप वापरला, गजभियेंचं नाव न घेता. मेहुण्यानं कात्रण आइसलंडला आपल्या घरमालकिणीकडे पाठवून दिलं, कारण बँडमधला एक मुलगा तिचा भाचा होता. आणि रविवारी 'लोकरीचे हातमोजे' वारंवार लागू लागली. डोळे मिटून, घाम पुसत, आम्ही त्या बुडण्याची वाट पाहायला शिकलो.

दोघांनी मात्र हरकत घेतली होती. एक रहीमभाई, कामठीचे, पॉवरलूम दुरुस्त करणारे मिस्त्री. लूमच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल आहे ते सांगणारा माणूस. बाजू संपल्यावर ते म्हणाले, "साहब, इसमें हर चक्कर पे एक झटका है. लूम ऐसा चला तो मैं बंद करके खोलता हूँ."

गजभिये म्हणाले, "रहीमभाई, हे मशीन नोहे, कला हाये. कारखान्याचे कान घरी ठेवून येत जा."

आम्ही हसलो. रहीमभाईही हसले. त्यानंतर ते आणखी दोन रविवार आले आणि मग यायचे थांबले. कामठी लांब पडत असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली.

दुसरी हरकत शीलावहिनींची. चहाचा ट्रे घेऊन येताना त्या म्हणाल्या, "काहून जी, हे एकच तबकडी अशी नाचते?"

"तू चूप राह वं. डोळे मीट."

"डोळे मिटले त चहा कोणाच्या अंगावर सांडू?"

मीही एकदा डोळे किलकिले केले होते. सुईचा दांडा खरोखरच वरखाली होत होता, तळ्यातल्या नावेसारखा. पण लेख छापून झाला होता आणि मथळा माझा होता. मी डोळे मिटून घेतले.

चाळीस वर्षं गेली. सदर बंद पडलं, मी निवृत्त झालो, गजभिये निवृत्त झाले, रविवार चालू राहिले. तो अल्बम दुसरीकडे कुठे मिळत नव्हता, इंटरनेटवरही नव्हता. आमच्या माहितीत जगात त्याची एकच प्रत होती, जरीपटक्यातली.

मग आमच्या जुन्या दैनिकाच्या पत्त्यावर आइसलंडहून ईमेल आला. त्या बँडचा अल्बम पुन्हा निघणार होता, सोबत एक पुस्तिका, आणि तिच्यात त्या वेळी कुठं काय लिहून आलं ते सगळं. त्यांच्या गावच्या एका वर्तमानपत्रानं त्यांना 'शाळेच्या स्नेहसंमेलनातला गोंगाट' म्हटलं होतं. दुसऱ्यानं दखल घेतली नव्हती. सगळ्यात मनापासून लिहिलेलं परीक्षण नागपूरचं, आणि ते त्यांना इतकी वर्षं वाचताच आलं नव्हतं. आता भाषांतर करवून घेतलं होतं. छापायला परवानगी हवी होती. शेवटी एक नम्र शंका: ते आवाजाचं बुडणं नेमकं कोणत्या गाण्यात आहे, आमची गायिका विचारते. सोबत नवी प्रत ऐकायला जोडली आहे.

ईमेल गजभियेंकडे पोचण्याआधी दैनिकानं बातमी छापली: 'आइसलंडमध्ये नागपूरचा डंका'. आठवड्याच्या आत त्या संगीत संस्थेनं सत्कार जाहीर केला. अध्यक्ष तेच. अशा संस्थांत अध्यक्ष बदलण्यापेक्षा सभागृहाचं छप्पर बदलणं सोपं असतं.

गजभियेंचा फोन आला. "एडिटर, येऊन राहिला का? आत्ता ये."

मी गेलो तेव्हा ते लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांनी गाणं लावलं. गायिका खिळ्यासारखी सरळ गात होती. आवाज कुठं बुडत नव्हता, कुठून वर येत नव्हता. गाणं तर चक्क आनंदी होतं; लग्नात लावलं असतं तर पोरं नाचली असती. दहाही गाणी त्यांनी ऐकवली. मग कपाटातून रेकॉर्ड काढली, जेवणाच्या टेबलावर जाड काच टाकली, तिच्यावर ती ठेवली आणि कडेखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारून उंची मोजली.

"साडेतीन मिलीमीटर," ते म्हणाले. "वाकली हाये."

नंतर त्यांनी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली, तिच्यावर खडूनं खूण केली आणि स्टॉपवॉच लावलं. एका फेरीला एक पूर्णांक आठ सेकंद.

"मी तबकडीचा चक्कर मोजला गा. अन् लिहिलं का बाई बर्फावर चालून राहिली."

शीलावहिनी दारात उभ्या होत्या. "मी तवाच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"तुम्ही मले चूप राह म्हटलं."

"म्हटलं होतं वं, म्हटलं होतं."

त्यांनी ठरवलं की सत्काराच्या मंचावरून सांगायचं. वहिनींना ते मान्य नव्हतं. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलावलं त्याइनं. अन् तिथंच जाऊन सांगता का आम्हाले ऐकू येत नाही? घरी सांगा, पेपरात सांगा. त्याइच्यासमोर नोका सांगू."

गजभियेंनी माझ्याकडे पाहिलं. "पेपर छापीन?"

"छापतील," मी म्हणालो. "आतल्या पानावर, तळाला, चार ओळी."

"लेख केवढा होता?"

"पाऊण पान."

"मंग?"

मी चौकशी केली. संपादक म्हणाले, पाऊण पान दुरुस्ती छापणारं वर्तमानपत्र मी अजून पाहिलेलं नाही. मी गजभियेंना सुचवलं की तब्येतीचं कारण सांगून सत्कार टाळा. ते म्हणाले, "तब्येत त बरी हाये." पण ती तितकी बरी नव्हती, जेवणावरून त्यांचं लक्ष उडालं होतं.

सत्काराच्या दोन दिवस आधी ते मला घेऊन कामठीला गेले, शेअर ऑटोनं. रहीमभाई घरासमोर खाट टाकून बसले होते, थकलेले, पण नजर शाबूत. गजभियेंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"इतनी दूर ये बोलने आए? फोन कर देते."

"फोनवर तुमचं तोंड दिसलं नसतं."

"झटका था ना?"

"होता. साडेतीन मिलीमीटर."

रहीमभाईंनी सरकून गजभियेंना खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाले, "चालीस साल से मैं समझता था, मेरे ही कान में कुछ है. आपके घर से आने के बाद मैं लूम सुनकर बताता नहीं था. खोलकर देखता था. हर बार." ते हसले. "चलो, कान सही निकले."

 

सत्काराला सभागृह भरलं होतं. अध्यक्ष अडतीस मिनिटं बोलले, त्यातली वीस मिनिटं कंपावर. उत्तर ध्रुवाची वेदना, थरथरणारा मानव, वगैरे. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. त्यात 'नादब्रह्म' तीनदा आलं. मग गजभिये उठले. पिशवीतून त्यांनी ती रेकॉर्ड काढली आणि डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली, पहिल्या रांगेला तिचा बाक दिसावा म्हणून.

"जयभीम. मी सर्व्हेअर आहे," ते म्हणाले. "हे तबकडी मे महिन्यात आठ घंटे माह्या स्कूटरले पत्र्याखाली लटकून होती. वाकली. आवाजातला जो कंप मी लिहिला तो आइसलंडचा नाही, उमरेडच्या उन्हाचा हाये. कामठीच्या रहीमभाईनं मले तवाच सांगतलं होतं, माह्या बायकोनं सांगतलं होतं. मी त्याइले चूप केलं. प्लेअर सपाट हाये का ते मी दर रविवारी पाहिलं, तबकडी सपाट हाये का ते एकदाही नाही पाहिलं. तुम्ही माह्यावर भरोसा ठेवून मान डोलावली. चूक माही हाये. ज्याइले रविवारी अजून यावं वाटते त्याइनं यावं. नाही आले, त काहून नाही आले ते मले समजीन."

ते बसले. सभागृहात कोणाला टाळी वाजवावी की नाही ते कळेना. समारोप अध्यक्षांकडेच होता. हीच खऱ्या साधकाची विनम्रता, असं ते म्हणाले, आणि कंप हा शेवटी कंपच असतो, असंही. माझ्या मागच्या रांगेत दोघे कुजबुजले, "आपल्याला तेव्हाच शंका होती." त्या दोघांना मी कधी जरीपटक्यात पाहिलं नव्हतं.

गजभिये तोपर्यंत अल्पोपाहाराच्या टेबलाशी पोचले होते. त्यांनी एकापाठोपाठ तीन आलुबोंडे खाल्ले आणि वहिनींना चौथा वाढून आणायला सांगितलं. "आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाऊन राहिले," वहिनी मला म्हणाल्या, आणि स्वतःच एक बोंडा उचलून खुर्चीत बसल्या.

आइसलंडला त्यांनी सगळं कळवलं आणि अट घातली: परीक्षण छापायचं तर खाली दुरुस्ती त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. अट मान्य. आणि गायिकेनं स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या. भाषांतर वाचल्यापासून ती रोज घरी आवाज बुडवून गाऊन पाहत होती. इतकं सुंदर आपण तेव्हा काय करत होतो ते तिला काही केल्या जमत नव्हतं. आता तिचा जीव भांड्यात पडला होता. गजभियेंनी ते पत्र मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सत्कारानंतरच्या रविवारी. त्या रात्रीच्या गाडीनं मी मुलीकडे हैदराबादला निघणार होतो. नेहमीच्या माणसांपैकी दोघांनी मला आदल्या दिवशी फोन करून न येण्याची कारणं सांगितली होती, आणि मला धास्ती होती की आपण दोघंच बसणार. पावणेदहाला मी बाजारात पोचलो. गजभिये वर गॅलरीत उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, खालच्या भाजीवाल्यांत फार रस असल्यासारखे.

आधी रहीमभाई आले, ऑटोतून सावकाश उतरले. सोबत कामठीचे आणखी दोन मिस्त्री. मग नेहमीचे पाच-सहा. मग सभागृहातलं एक अनोळखी जोडपं. नवऱ्याच्या बगलेत त्याची स्वतःची एक जुनी रेकॉर्ड होती. "काकाजी, हे बी सरळ हाये का पाहून देता का?" त्यानं खालूनच विचारलं. त्यांच्या मागून आणखी एक जण आला, त्याच्याकडे तीन होत्या.

गजभियेंनी हातानं सगळ्यांना वर यायची खूण केली आणि तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"एडिटर! रिकामा वर नोको येऊ. दुधाचे दोन पाकिटं घेऊन ये, अन् खालच्या सिंधीभाऊकडून सतरंजी माग, मी सांगतलं म्हण!"

एवढं ओरडून ते आत गेले. शर्टाची एक बाजू मागून पँटबाहेर आली होती. मी दुधाच्या दुकानाकडे वळलो तेव्हा वरून वहिनींचा आवाज येत होता, आलेल्यांच्या चपला दारात कशा लावायच्या ते सांगणारा, आणि त्याच्यावरून गजभियेंचा, त्या जिथं आहेत तिथंच बऱ्या आहेत म्हणणारा.